सातशे पंच्याऐंशी प्रतींचा वार्षिक अहवाल

नोव्हेंबर १९७७ मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या चौघांनी स्वतःच्या खर्चानं एक एलपी काढली. प्रती छापल्या ७८५. या आकड्यामागे काही हिशेबी धोरण नव्हतं, हाताशी होते तेवढे पैसे तेवढ्याच प्रतींना पुरले. कव्हर कोरं पांढरं, त्यावर एक चिकटवलेली पट्टी. नाव 'द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट'. पहिला रिपोर्ट कोणत्याच दुकानात मिळत नव्हता, कारण त्याचं १९७५ सालचं ध्वनिमुद्रण तेव्हा बाजारात आणलंच गेलं नव्हतं. एका बाजूला दोनच गाणी, पण वेगवेगळ्या ठिकाणची मिळून सात वेळा. दुसऱ्या बाजूला वीसेक मिनिटांचा एकच सलग तुकडा, तोही एका लघुपटाचा ध्वनिपट. बँडचं नाव थ्रॉबिंग ग्रिसल. यॉर्कशरच्या बोलीत त्याचा अर्थ अश्लील आहे, एवढं सांगून पुढे जाऊ.

व्यवसायाच्या कुठल्याही निकषावर ही रेकॉर्ड वर्षभरात विसरली जायला हवी होती. प्रत्यक्षात 'इंडस्ट्रियल' नावाच्या संगीतप्रकाराचा पहिला दस्तऐवज म्हणून आज हीच दाखवली जाते, आणि त्या प्रकाराला नावही याच मंडळींच्या रेकॉर्ड कंपनीवरून मिळालं. हे कसं घडलं, याचं नेहमीचं उत्तर 'त्यांचा आवाज क्रांतिकारी होता' असं दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. असले कर्कश आवाज त्याआधीही लोक काढत होते. या प्रकरणात नवी होती ती आवाजाभोवती उभी केलेली व्यवस्था: कंपनी, पत्ता, टपाल, घरी बनवलेली यंत्रं, आणि अल्बमला 'अहवाल' मानण्याची कल्पना. तिच्यावरच इथे जास्त बोलायचं आहे.

हलहून हॅकनीला

सुरुवात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदरात होते. तिथे १९६९ च्या अखेरीस जेनेसिस पी-ऑरिजच्या पुढाकारानं 'कूम ट्रान्समिशन्स' नावाचा गट उभा राहिला आणि लवकरच हलमध्येच वाढलेली कोझी फॅनी टुटी त्यात आली. रस्त्यावरची विचित्र नाट्यं, संगीत, वेशभूषा, टपालातून पाठवलेली कला, असं सगळं त्यात होतं. हल हे खोल समुद्रातल्या मासेमारीचं शहर. आइसलंडबरोबरचं मासेमारीच्या हद्दीवरचं भांडण, तिसरं 'कॉड युद्ध', जून १९७६ मध्ये संपलं, दोनशे मैलांची हद्द ब्रिटननं मान्य केली आणि हलच्या ट्रॉलरांचा धंदा कोसळला. म्हणजे ज्या काळात ही मंडळी 'इंडस्ट्रियल' हा शब्द हाती घेत होती, त्याच काळात त्यांच्या गावातला उद्योग मान टाकत होता. गट १९७३ मध्येच लंडनला आला होता. तिथेही जुन्या गोद्या एकेक करून बंद पडत होत्या.

हॅकनीत लंडन फील्ड्स या मैदानाच्या कडेला १०, मार्टेलो स्ट्रीट या जुन्या कारखान्यात कलाकारांना स्वस्तात गाळे मिळत. तिथलं तळघर यांच्याकडे होतं. जवळच प्लेगच्या साथीतले मृतदेह पुरल्याची आख्यायिका होती, म्हणून तळघराचं नाव ठेवलं 'डेथ फॅक्टरी'.

पीटर ख्रिस्तोफरसन ऊर्फ 'स्लीझी' या गटात आला तो हिपनॉसिस या डिझाइन कंपनीतून. पिंक फ्लॉइडची गाजलेली कव्हरं करणारी हीच ती कंपनी. चौथा क्रिस कार्टर. टीव्ही कंपन्यांसाठी ध्वनीचं काम केलेला, सोल्डरिंगची आवड असलेला, स्वतः सिंथेसायझर जोडणारा माणूस. (हा कार्टर ॲबा या स्वीडिश पॉप गटाचा भक्त. पुढच्या अल्बमवर त्यानं ॲबाला वाहिलेला एक तुकडाही आहे. या बँडविषयी लिहिताना लोक काळा चष्मा लावून बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.) चौघांनी थ्रॉबिंग ग्रिसलची स्थापना ३ सप्टेंबर १९७५ ही धरली. ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं त्या दिवसाचा हा वर्धापनदिन. तारीख योगायोगाची नव्हती, यांच्याकडे योगायोगानं फारसं काही होत नसे.

बँडमध्ये ड्रमर ठेवायचा नाही हे आधीच ठरलं, कारण रॉक बँडमध्ये ड्रमर असतो. जेनेसिसकडे बास गिटार आणि गायन, कोझीकडे गिटार आणि कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य, ख्रिस्तोफरसनकडे टेप, कार्टरकडे सिंथेसायझर आणि ताल. पहिल्या दोघांना आपापलं वाद्य रूढ अर्थानं येत नव्हतं. ते शिकायचंही नव्हतं.

आयसीएचं प्रदर्शन

अल्बमच्या वर्षभर आधीची ही घटना वगळली तर पुढचे निर्णय समजत नाहीत. ऑक्टोबर १९७६ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये (आयसीए), म्हणजे थेट राणीच्या राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कूमचं 'प्रॉस्टिट्यूशन' नावाचं प्रदर्शन भरलं. कोझीनं पोर्नोग्राफिक मासिकांसाठी मॉडेल म्हणून काम केलं होतं. ती पानं चौकटीत घालून मांडली होती, शिवाय वापरलेल्या टॅम्पॉनपासून केलेल्या वस्तू होत्या. उद्घाटनाच्या रात्री, १८ ऑक्टोबरला, थ्रॉबिंग ग्रिसलनं 'म्युझिक फ्रॉम द डेथ फॅक्टरी' हा कार्यक्रम केला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं तुटून पडली. सरकारी अनुदानावर हे चालतं म्हणून हुजूर पक्षाचे खासदार निकोलस फेअरबेर्न यांनी या मंडळींना 'संस्कृतीचे विध्वंसक' ठरवलं. संसदेतही विषय निघाला. कूमनं काय केलं? रोज येणारी कात्रणं कापून प्रदर्शनातच लावत गेले. टीकाही दस्तऐवज झाली.

ही सवय लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेनेसिसवर टपालातून अश्लील चित्रं पाठवल्याचा खटला झाला होता. राणीची छबी असलेल्या पोस्टकार्डांवर नग्न चित्रांचे तुकडे डकवले होते. न्यायालयानं शंभर पौंड दंड आणि खर्च वसूल केला. या खटल्यावरून एक साधी गोष्ट कळते: रेकॉर्ड निघण्याच्या कितीतरी आधी या गटाकडे टपालाचं जाळं होतं. युरोप-अमेरिकेतल्या टपालकलावाल्यांचे पत्ते, पाकिटं, नेमानं पत्रव्यवहार. माल नंतर तयार झाला, वितरण आधीपासून होतं. बहुतेक हौशी बँडांचं नेमकं उलटं असतं. गाणी तयार, विकायची कुणाला हे माहीत नाही.

आयसीएच्या गदारोळानं आणखी एक धडा दिला. अनुदानाच्या पैशावर कलादालनात काहीही केलं की ते कलावंतांपुरतं किंवा संपादकांपुरतं राहतं. बाहेरच्या, कामगार वस्तीतल्या पोरांपर्यंत जायचं तर माध्यम रेकॉर्डचंच हवं. रेकॉर्ड हातोहात फिरते आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही.

मोठ्या कंपनीकडे न जाणं

१९७७ हे इंग्लंडमध्ये पंकचं वर्ष. पण पंकची बंडखोरी ज्या गाड्यावरून विकली जात होती तो गाडा जुनाच होता. द क्लॅश या पंक बँडनं त्या वर्षी जानेवारीत सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला. सेक्स पिस्टल्सचा अल्बम ऑक्टोबरच्या अखेरीस व्हर्जिनकडून आला, थ्रॉबिंग ग्रिसलच्या रेकॉर्डच्या आगेमागे. दुसरी वाट मँचेस्टरच्या बझकॉक्सनी जानेवारीत दाखवली होती. घरच्यांकडून-मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेऊन त्यांनी चार गाण्यांची 'स्पायरल स्क्रॅच' स्वतःच काढली होती. पहिल्या हजार प्रती.

इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही या चौघांची कंपनी. 'इंडस्ट्रियल म्युझिक फॉर इंडस्ट्रियल पीपल' हे तिचं घोषवाक्य सान फ्रान्सिस्कोचा कलावंत मॉन्टी कझाझा याच्या डोक्यातून आलं. इथे बझकॉक्सपेक्षा फरक आहे. त्यांनी गरज म्हणून कंपनी काढली आणि पुढे मोठ्या कंपनीत गेले. थ्रॉबिंग ग्रिसलच्या बाबतीत कंपनी हाच कलेचा भाग होता. खऱ्याखुऱ्या कंपनीसारखं नाव, बोधचिन्ह, पत्रक, 'वार्षिक अहवाल'. रॉक बँडचा पहिला अल्बम हा स्वतःची ओळख करून देणारा असतो: आम्ही कोण, आमचं दुःख काय, आमची गाणी कुठली. यांनी भागधारकांना पाठवतात तसा हिशेब छापला. वर्षभरात कुठे कुठे काम केलं, काय निघालं, ते हे असं.

पांढऱ्या कव्हरचंही तसंच. छपाईला पैसा नव्हता हे खरं. पण बँडमधला एक माणूस दिवसा जगातल्या सगळ्यात महागड्या कव्हरांवर काम करत होता. त्याला दोन रंगांत, स्वस्तात, डोळ्यात भरेल असं काही करता आलं नसतं असं कुणी म्हणू नये. कोरं कव्हर ही निवड होती. अडचणीतून निघालेली, पण निवडच.

पहिली बाजू: तेच गाणं पुन्हा

सुई टेकवली की आधी मिनिटभराचं 'इंडस्ट्रियल इंट्रोडक्शन' येतं. मग 'स्लग बेट' तीनदा: आयसीएमधलं, साउदॅम्प्टनचं, ब्रायटनचं. मग 'मॅगट डेथ' चारदा: रॅट क्लबमधलं, स्टुडिओतलं, पुन्हा साउदॅम्प्टनचं, पुन्हा ब्रायटनचं. शेवटचं जेमतेम मिनिटभर टिकतं. बहुतेक ध्वनिमुद्रण साध्या कॅसेट रेकॉर्डरवर झालेलं, त्यामुळे सगळ्यावर एक राखाडी थर आहे. खोलीचा घुमारा, लोकांचा गलबला, आवाज फाटणं, काहीही लपवलेलं नाही.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही फसवणूक वाटते. दोन गाण्यांत बाजू भरून काढली! पण शास्त्रीय संगीताच्या आपल्या श्रोत्याला ही सवय अनोळखी नसावी. एकाच बुवांची एकच बंदिश तीन मैफलींत कशी गेली, हे जमवलेल्या टेपांवरून ताडून पाहण्यात आपण पिढ्या घालवल्या. तिथे राग स्थिर असतो आणि गवई त्यात दरवेळी नवं काय सापडवतो ते आपण शोधतो. इथे स्थिर असं फार थोडं आहे. बासची घरघर, एखादा शब्द, एखादं यंत्र. बाकी सगळं त्या त्या हॉलनं ठरवलेलं. छत किती उंच, स्पीकर कुठे, लोक वैतागलेत की गप्प आहेत, यावर गाण्याचा आकार ठरतो. एकच आवृत्ती छापली असती तर तिलाच आपण 'मूळ गाणं' मानलं असतं आणि तिच्या खरखरीला हौशीपणा म्हटलं असतं. सात आवृत्त्या शेजारी ठेवल्यावर मूळ असं काही उरतच नाही. स्टुडिओतलं 'मॅगट डेथ' देखील बाकीच्यांच्या रांगेत, त्यांच्याइतक्याच मानानं येतं, जणू स्टुडिओ ही आणखी एक जागा.

या बाजूची सगळ्यात मोठी बौद्धिक करामत हीच आहे आणि ती करामत पूर्णपणे संपादनात आहे. वाजवणं साधारण, निवड आणि क्रम असाधारण. कार्यक्रम कॅसेटवर टिपून ठेवण्याची शिस्त नसती तर हा अल्बम निघालाच नसता. पुढे याच शिस्तीतून त्यांनी आपल्या जवळपास सगळ्या कार्यक्रमांच्या कॅसेटांचा, एका ब्रीफकेसमध्ये मावणारा '२४ अवर्स' हा संच काढला.

आयसीएमधल्या 'स्लग बेट'चे शब्द मात्र मी कुणाला सहज ऐकवणार नाही. एक खुनी आपल्या कृत्याचं वर्णन प्रथमपुरुषी, थंडपणे करतो. गरोदर बाई, घर, सुरी. जेनेसिसचा आवाज त्यात निवेदकासारखा सपाट आहे, आणि सगळं अस्वस्थपण त्या सपाटपणातच आहे. आवाज चढवला असता तर भयपट झाला असता.

कार्टरची पेटी

या बँडवरच्या लिखाणात जेनेसिसची वक्तव्यं पानंच्या पानं असतात आणि क्रिस कार्टरला दोन ओळी मिळतात. माझ्या मते हिशेब उलटा हवा.

जुलै १९७५ च्या 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकात रॉय ग्विन यांनी गिटारसाठीच्या एका इफेक्ट पेडलचं सर्किट छापलं होतं. आपल्याकडेही पूर्वी रेडिओ जोडणारे हौशी अशीच मासिकं समोर ठेवून काम करत, तसाच तो प्रकार. कार्टरनं ते सर्किट उचललं, बदललं, आणि बँडमधल्या प्रत्येकासाठी एकेक पेटी बांधली. तिचं नाव पडलं 'ग्रिसलायझर'. आत थोडक्यात एक मंद गतीचा ऑसिलेटर, एक फिल्टर, आवाज कमी-जास्त करणारा एक भाग. ऑसिलेटर वाद्याच्या आवाजाला ठरावीक वेगानं उघडतो-मिटतो. वेग कमी ठेवला तर आवाज श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि ओसरतो, वाढवला तर चिरफाळ्या उडतात.

याचा परिणाम काय झाला तो बघा. बास वाजवणाऱ्याला बास येत नाही, गिटार वाजवणारीला सूर लावायचे नाहीत. तरी दोघांचे आवाज एकाच यंत्राच्या चाळणीतून जातात आणि एका जातीचे होऊन बाहेर येतात. ड्रमर नाही, तरी आवाजाची उघडझाप ठेका धरते. ऐकणाऱ्याला वाटतं की कुठलं तरी मोठं यंत्र चालू आहे, आणि माणसं त्याच्या आत कुठेतरी आहेत. 'कारखान्यासारखा आवाज' असं ज्याचं वर्णन समीक्षक करतात, त्याचा बराचसा भाग या हातानं बांधलेल्या पेट्यांतून निघतो. भोंगे आणि हातोडे टेप करून घातलेत असं समजणारे पुष्कळ आहेत, आणि पुढे बर्लिनच्या आइन्स्टुर्त्सेंडे नॉयबाउटेननी खरोखरच पत्रे, ड्रिल मशिनं वाजवली. त्यांचा पहिला अल्बम 'कोलॅप्स' १९८१ चा. पण १९७७ च्या या तळघरात कारखाना नव्हता. होती फक्त सोल्डरची तार आणि मासिकाचं एक पान.

बाजारातून घेतलेलं यंत्र बाजारानं ठरवलेला आवाज देतं, आणि तो शेजारच्या बँडकडेही असतो. स्वतः बांधलेलं यंत्र बिघडलं तर उघडताही येतं आणि त्या बिघाडातून काही चांगलं निघालं तर ते तसंच ठेवताही येतं. कंपनी आपली, टेप आपल्या, पेट्या आपल्या. एकच सूत्र सगळीकडे दिसतं.

दुसरी बाजू

'आफ्टर सीज टू एक्झिस्ट' हा कूमच्या त्याच नावाच्या लघुपटाचा ध्वनिपट. लघुपटात कार्टरचं खच्चीकरण करण्याचं एक बनावट दृश्य आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल जास्त बोललं जातं. ध्वनिपट मात्र त्या दृश्याशिवायच ऐकावा असं माझं मत आहे. पहिल्या बाजूवरचा सगळा आरडाओरडा इथे थांबतो. खाली एक लांब, खोल गुणगुण, तिच्यावर कोझीच्या गिटारचे सुटे, घुमणारे स्वर, दूरवर टेपमधले बोलण्याचे आवाज. वीस मिनिटांत घडत काहीच नाही. कंटाळा येतो, मग कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी सुरू होतं.

कोझीच्या गिटारवादनाची चर्चा 'तिला येत नव्हतं' इथेच थांबते, हा अन्याय याच बाजूवर उघडा पडतो. सूर-पट्टी काही नाही. पण कुठे वाजवायचं आणि त्याहून जास्त कुठे वाजवायचं नाही, हे तिला पक्कं कळतं. दोन स्वरांमधली जागा ती इतकी ताणते की पुढचा स्वर आला की दचकायला होतं. पुढे ज्या संथ, काळोख्या वातावरणाच्या संगीताला 'डार्क ॲम्बियंट' म्हणू लागले त्याचे धागे शोधायचे तर पहिल्या बाजूपेक्षा इथे शोधावेत.

निकाल काय लागला

७८५ प्रती संपल्या आणि फेटिश रेकॉर्ड्सनं १९७८ मध्ये अल्बम पुन्हा काढला. त्याच वर्षी बँडची पहिली सिंगल 'युनायटेड' आली, अखेरीस दुसरा अल्बम 'डी.ओ.ए.', ज्याचं उपशीर्षक 'तिसरा आणि अंतिम अहवाल' अशा अर्थाचं होतं. अंतिम अर्थातच नव्हता. १९७९ च्या डिसेंबरात '२० जॅझ फंक ग्रेट्स' आला, आणि त्यात जॅझ-फंक नव्हतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनीचा उपयोग इतरांनाही झाला. मॉन्टी कझाझा, शेफिल्डचे कॅबरे व्होल्टेअर आणि क्लॉक डीव्हीए, ऑस्ट्रेलियातून आलेले एसपीके, स्वीडनचे लेदर नन यांची ध्वनिमुद्रणं इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सनं काढली. लेखक विल्यम बरोज यांचे जुने टेप-प्रयोगही १९८१ मध्ये इथूनच आले. यातल्या कुणाचा आवाज कुणासारखा नव्हता. तरी एका पत्त्यावरून निघाल्यामुळे हे सगळं एक घराणं असल्यासारखं दिसू लागलं. आधी शिक्का, मग प्रकार.

सान फ्रान्सिस्कोच्या 'री/सर्च' प्रकाशनानं १९८३ मध्ये 'इंडस्ट्रियल कल्चर हँडबुक' काढलं. त्यात संगीतावर लिहिणारे जॉन सॅव्हेज यांनी इंडस्ट्रियलची पाच लक्षणं सांगितली: संघटनेची स्वायत्तता, माहितीपर्यंत पोच, सिंथेसायझर आणि प्रति-संगीत, संगीताबाहेरचे घटक, आणि धक्कातंत्र. वाद्यांचा नंबर तिसरा लागतो. पहिलं लक्षण आहे ते आपलं काम आपल्या हातात ठेवणं. सॅव्हेज यांनी हे थ्रॉबिंग ग्रिसलसमोर ठेवूनच लिहिलं असणार, असा माझा अंदाज.

बँड मात्र टिकला नाही. २९ मे १९८१ ला सान फ्रान्सिस्कोत शेवटचा कार्यक्रम झाला, जूनमध्ये 'मोहीम समाप्त' अशा अर्थाची पोस्टकार्डं टपालात पडली. जेनेसिस आणि ख्रिस्तोफरसन सायकिक टीव्ही या नव्या बँडमध्ये गेले, क्रिस आणि कोझी जोडीनं काम करू लागले. २००४ मध्ये चौघं पुन्हा एकत्र आले. नोव्हेंबर २०१० मध्ये ख्रिस्तोफरसनचं बँकॉकमध्ये निधन झालं, जेनेसिसचं मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये.

जे मला पटत नाही

इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सच्या बोधचिन्हात एक चिमणी दिसते. दिसायला कुठल्याही कारखान्याची. छायाचित्र ऑशविट्झच्या दाहगृहाचं आहे. यामागचा युक्तिवाद असा दिला जातो की आधुनिक उद्योगाचं टोक तिथे गाठलं गेलं आणि ते विसरू देऊ नये. युक्तिवादात तथ्य आहे. पण चिन्हावर ते कुठेच लिहिलेलं नाही. ज्याला माहीत आहे त्यालाच कळतं, आणि मग कळणाऱ्यांचा एक गट तयार होतो ज्याला गुपित कळल्याचं सुख मिळतं. त्या जागेच्या चित्रातून असलं सुख मिळावं हे मला चुकीचं वाटतं. 'युनायटेड'च्या मागच्या बाजूच्या गाण्यात विषारी वायूचं नाव येतं, तिथेही हाच घोळ. पुढच्या पिढीनं या बँडची शिस्त, संपादन, यंत्रबांधणी फार कमी उचलली. गणवेश आणि धक्का मात्र सगळ्यांनी उचलला, कारण तो स्वस्त होता.

दुसरी गोष्ट आतली. कोझीनं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात जेनेसिसच्या हिंसक आणि नियंत्रण गाजवणाऱ्या वागण्याबद्दल सविस्तर लिहिलं. जेनेसिसनं ते नाकारलं. नियंत्रणाच्या यंत्रणा उघड्या पाडतो असं सांगणाऱ्या गटाच्या घरातच हे चालू होतं, असं तिचं म्हणणं. ते वाचल्यावर 'स्लग बेट'मधला बाईवरच्या हिंसेचा तो सपाट आवाज पूर्वीसारखा ऐकता येत नाही. मी तरी आता ते गाणं वगळतो आणि साउदॅम्प्टनच्या 'मॅगट डेथ'पाशी थांबतो. 'कला वेगळी, माणूस वेगळा' हे सूत्र इथे चालवणं कठीण आहे, कारण जगणं आणि काम एकच असल्याचा दावा या मंडळींनी स्वतःच केला होता.

१९८९ साली ट्रेंट रेझनरच्या नाइन इंच नेल्स या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम आला आणि इंडस्ट्रियल हा शब्द अमेरिकेत लाखोंच्या विक्रीला लागला. त्यात सिंथेसायझर आहे, राग आहे, उत्तम गाणी आहेत. त्या अल्बमची बाजू घेऊन मी कुणाशीही भांडायला तयार आहे. सॅव्हेज यांच्या पाचपैकी शेवटची तीन लक्षणं कमी-जास्त जुळतात. पहिलं जुळत नाही, आणि रेझनरचं आपल्या कंपनीशी पुढे जे वाजलं ते नेमकं त्यावरूनच.

२०१७ मध्ये चाळीस वर्षं झाल्याच्या निमित्तानं म्यूट कंपनीनं अल्बम पुन्हा काढला, त्यामुळे आता तो सहज मिळतो. ऐकायचा असेल तर दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करा, तीही हेडफोन न लावता, खोलीतल्या स्पीकरवर, मध्यम आवाजात. पंख्याची घरघर, खालचा रस्ता, शेजारचा मिक्सर हे सगळं मिसळू द्या. मग पहिली बाजू, आणि तिच्यातलं 'मॅगट डेथ' चारही वेळा, सलग. आयसीएमधलं 'स्लग बेट' घरात लहान मुलं असताना लावू नका.